तुपाचा हात

माघातल्या एका लग्नात कल्याणप्पा किराणावाल्यांनी आपल्या पत्रावळीवर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको, तूप बंद केलंय."

यात वावगं काही नव्हतं. साठीनंतर माणसं तूप बंद करतात, साखर बंद करतात, काही जण तर पेपरसुद्धा बंद करतात. पण व्यंकटराव तुपाचं भांडं घेऊन चार पानं पुढं सरकले आणि सहज मागं वळून पाहिलं, तर पलीकडच्या रांगेचा वाढपी कल्याणप्पांच्या भातावर तुपाची धार सोडत होता. कल्याणप्पा त्याला थांब म्हणत नव्हते.

व्यंकटरावांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. दिवाळीत मनगटाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा डाग दिसला होता, तेव्हा त्यांना चुना वाटला होता. पौषापर्यंत तो हरभऱ्याएवढा झाला, त्याला भावंडं झाली, आणि आता दोन बोटं आणि पंज्याची पाठ मिळून कुठल्यातरी देशाचा नकाशा तयार झाला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. तक्रार काहीच नव्हती. तक्रार होती ती कल्याणप्पांना, आणि तीही त्यांनी तोंडानं केली नव्हती.

आता व्यंकटराव कोण, हे ढोकीच्या बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. गावात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच ते नुसत्या टायरकडं बघून वजन सांगत आणि मग काटा त्यांच्याशी सहमत होई. हीच नजर त्यांनी तुपात उतरवली होती. पंगतीत भात कुणीही वाढतं, वरण कुणीही सांडतं. तूप वाढायला मात्र माणूस लागतो. व्यंकटराव चालता चालता मनगटाची एक घडी घालत आणि प्रत्येक भातावर बरोबर एक चमचा तूप पडे. सरपंचाला तेवढंच, सालगड्याला तेवढंच. पहिल्या पानाला तेवढंच, तीनशेव्याला तेवढंच. एका चिकित्सक पाहुण्यानं एकदा दोन पानांवरचं तूप वाटीत काढून तुलना केली होती म्हणतात. फरक सापडला नाही, उलट दोघांचा भात कोरडा राहिला. असा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि हे मी थट्टेनं लिहीत नाही.

बावीस वर्षं चैत्र पौर्णिमेच्या मारुतीच्या भंडाऱ्यात तूप त्यांच्याकडं होतं. आता त्या पंगतीत आणखी दोघांनी पानावर हात धरला, तर गाव तोंडानं काही म्हणणार नाही. माणसाला स्वतःच भांडं खाली ठेवावं लागेल. व्यंकटरावांनी घरी येऊन पंचांग काढलं. पौर्णिमेला दोन महिने आणि थोडे दिवस होते. तेवढ्यात हात एका रंगाचा करायचा, असं त्यांनी ठरवलं.

"हात तोच हाय की," सारजाबाई म्हणाल्या. सारजाबाई म्हणजे त्यांची बायको. त्या कमी बोलत आणि बोलून झाल्यावर भाकरी उलटत. व्यंकटरावांना वाटलं, या बाईला प्रश्नाचं गांभीर्य कळलेलं नाही.

गांभीर्य कळलं ते शेजारच्या उमाशंकरांना. उमाशंकर जनावरांच्या दवाखान्यातनं व्रणोपचारक म्हणून निवृत्त झाले होते आणि चार पायांवर घेतलेला अनुभव ते दोन पायांना अर्ध्या मात्रेत लागू करीत. त्यांनी हात उलटासुलटा पाहिला, नख दाबलं, सवयीनं जबडाही उघडायला लावला आणि निदान केलं: पांढऱ्यानं पांढरं वाढतं. म्हणजे भात, दूध, दही, मुळा, मीठ, साबुदाणा बंद. व्यंकटरावांनी सगळं बंद केलं. मग उमाशंकरांना आठवलं की बनियनही पांढरा असतो. सारजाबाईंनी चहाच्या पाण्यात बनियन बुडवून दिले आणि आठवडाभर व्यंकटराव आतून एखाद्या साधूसारखे दिसत होते. डाग मात्र होता तिथंच राहिला. पांढरं खाणं बंद झाल्याचं त्याला कुणी कळवलं नसावं.

शेवटी सारजाबाईंनीच त्यांना धाराशिवच्या एसटीत बसवलं. बसस्टँडमागं वैद्य हर्षालीताईंचा दवाखाना होता. सारजाबाईंच्या गुडघ्याला त्यांच्या तेलाचा गुण आला होता. एवढी तरुण वैद्य बघून व्यंकटरावांचा विश्वास जरा डळमळला. वैद्य म्हटलं की निदान भुवया तरी पांढऱ्या हव्यात, असं त्यांना वाटे, आणि लगेच त्यांनी तो विचार पांढरा म्हणून सोडून दिला.

हर्षालीताईंनी पहिली गोष्ट केली ती अशी, की त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. निवांत घेतला, आणि बोलत असताना सोडला नाही. गेल्या महिन्यात उमाशंकरांनीसुद्धा तपासून झाल्यावर हळूच धोतराला बोटं पुसली होती. व्यंकटरावांनी भिंतीवरच्या नाडीच्या तक्त्याकडं फार लक्षपूर्वक पाहिलं.

ताईंनी समजावून सांगितलं. आयुर्वेदात या कोडाला श्वित्र म्हणतात. कुणाला लागत नाही, कुणाच्या ताटात पडत नाही. पोटात घ्यायला खैराच्या सालीचा काढा दिला. वरनं लावायला बावचीच्या बियांचा लेप, तो तयार पाकिटात दिला. लेप चिमूटभर, फक्त डागावर. मग सकाळचं कोवळं ऊन, पाच मिनिटं. मग धुऊन टाकायचा. जास्त लावला किंवा जास्त ऊन घेतलं तर कातडी भाजते. चालत असलेलं कुठलंही औषध बंद करायचं नाही आणि कातडीच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवायचं, अशी चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहून दिली. भात खायला हरकत नव्हती. बनियन कुठल्याही रंगाचा चालणार होता.

"पौर्णिमेपर्यंत जाईल का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"काका, हा वजनकाटा नाही, गाडी चढवली आणि आकडा आला असं व्हायला. काहींचा भरतो, काहींचा अर्धा भरतो, काहींचा भरत नाही. भरला तरी महिने लागतात. मी खोटं सांगणार नाही."

इतकं सरळ बोलणारा माणूस व्यंकटरावांना काट्याच्या त्या बाजूला कधी भेटला नव्हता. ते भारावून घरी आले. घरी उमाशंकर ओट्यावर बसूनच होते.

उमाशंकरांनी पाकीट नाकाला लावलं आणि परत दिलं. बावची गोमूत्रात सात दिवस भिजवून शुद्ध करतात हे त्यांना ठाऊक होतं. पाकिटावर तसं छापलेलंही होतं. पण छापायला काय, पाकिटावर काहीही छापतात, गोमूत्र कुठल्या गाईचं हे छापलंय का? जर्सीचं असलं तर? जर्सी परदेशी, तिचा गुण परदेशी कातडीला. झालं. व्यंकटराव दुसऱ्या दिवशी काष्ठौषधीच्या दुकानातनं अर्धा किलो बावची घेऊन आले आणि ढोकीत देशी गाय शोधायला निघाले.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. गोठ्यागोठ्यात काळ्यापांढऱ्या संकरित गाई उभ्या. सापडली ती एकच, धोंडीबाच्या वस्तीवर. शिंगं आमच्याकडच्या देवणी जातीची, कान देवणी, वशिंड बऱ्यापैकी देवणी. फक्त तिच्या पांढऱ्या अंगावर जागोजाग काळे ठिपके होते. व्यंकटराव जरा विचारात पडले. पण उमाशंकरांनी निकाल दिला की हिच्या अंगावर काळं पसरत चाललंय, म्हणजे आपल्याला हवं तेच.

तीन दिवस पहाटे व्यंकटराव पितळी तांब्या घेऊन गाईच्या मागं उभे राहिले. तीनही दिवस गाईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं आणि रवंथ चालू ठेवलं. ते कंटाळून बांधापर्यंत गेले की मगच ती मोकळी होई. चौथ्या दिवशी धोंडीबाला दया आली.

"काटेसाहेब, तुमी असं बघत उभारल्यावर तिला वाटतंय वजन व्हायलंय. तांब्या द्या हिकडं आन् तोंड फिरवून उभं ऱ्हावा."

त्यांनी तोंड फिरवलं आणि काम झालं. आयुष्यभर ज्यांनी डोळ्यांत तेल घालून माप घेतलं, त्यांना तोंड फिरवून माप घ्यावं लागलं, याचा त्यांच्या मनाला थोडा चटका बसलाच.

पण ही गाय देवणीच कशावरून? काटेसाहेबांना कागद लागे. ते तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखला मागायला गेले. तिथल्या बाबूनं छापील अर्ज पुढं केला. जनावर कशासाठी, या रकान्यात तीन पर्याय होते: दूध, शेतीकाम, पैदास. व्यंकटरावांचा उद्देश तिन्हीत बसत नव्हता. बाबूनं समजुतीनं "दूध" लिहायला सुचवलं. व्यंकटराव म्हणाले, खोटं लिहिणार नाही. बाबूनं "इतर" असा रकाना नसल्याचं दाखवलं. मग गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक संगणकात घातला, तर ती माकणीची मुऱ्हा म्हैस निघाली. दुरुस्तीसाठी मूळ मालक, सध्याचा मालक आणि जनावर अशा तिघांनी समक्ष हजर राहायचं होतं. तो अर्ज अजून विचाराधीन आहे. गाय मध्यंतरी व्यायली.

इकडं सात दिवस माठात बावची भिजत होती आणि रोज मूत्र बदललं जात होतं. तिसऱ्या दिवशी सारजाबाईंनी तो माठ परसात नेला, पाचव्या दिवशी कुंपणाबाहेर. सातव्या दिवशी व्यंकटराव स्वतःच त्याला रस्त्यापलीकडं भेटायला गेले. पण लेप तयार झाला. दाट, काळपट, आत्मविश्वास वाटावा असा. चिमूटभर लावायचा होता. व्यंकटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा माप सोडलं आणि पंजाभर थापला.

राहिलं ऊन. ताईंनी कोवळं सांगितलं होतं, पाच मिनिटं. उमाशंकरांचं म्हणणं, पाच मिनिटं हे शहरातल्या कातडीला. लोखंड तापल्याशिवाय वाकत नाही. फाल्गुन निम्मा झाला होता, दुपारी पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. व्यंकटराव बाराच्या ठोक्याला गच्चीवर गेले, खुर्ची टाकली, हात पुढं केला आणि बसले.

दहाव्या मिनिटाला ते उठणार होते. पण तेवढ्यात शेजारची गजराबाई आणि तिच्या दोन जावा कुरडया वाळत घालायला गच्चीवर आल्या. काटेसाहेब हात पुढं करून बसलेत, हलत नाहीत, यावरनं त्यांनी ओळखलं की हे कावळे राखायला बसलेत. गजराबाईनं कुरडयांची चादर त्यांच्या पुढ्यात पसरली, जरा लक्ष असू द्या भाऊजी, म्हणाली आणि तिघी खाली गेल्या. आता उठायचं कसं? विश्वासानं सोपवलेलं काम. व्यंकटरावांनी पाऊण तास डाव्या हातानं कावळे हाकले आणि उजवा हात उन्हाला दिला. एकही कुरडई गेली नाही, हे नोंदवलं पाहिजे.

संध्याकाळी हात लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्यावर भज्याएवढे तीन फोड आले. उमाशंकर म्हणाले, दोष बाहेर पडतोय. सारजाबाईंनी माठ उचलला, उकिरड्यावर पालथा केला, आणि नवऱ्याला पुन्हा एसटीत बसवलं. या वेळी स्वतःही बसल्या.

हर्षालीताईंनी फोड पाहिले. व्यंकटरावांनी सगळं सांगितलं, गाईपासून कावळ्यापर्यंत, काही लपवलं नाही. ताई हसल्या नाहीत. यासाठी लागणारा संयम किती, हे तिथं बाकावर बसलेल्या इतर रुग्णांच्या चेहऱ्यांवरनं कळत होतं.

"औषध माझं होतं, काका. घाई कुणाची होती?"

"माझी," व्यंकटराव म्हणाले. "पौर्णिमेला हातात तुपाचं भांडं असतं माझ्या. लोकांनी पानावर हात धरला तर काय करू?"

ताईंनी यावर औषध सांगितलं नाही. त्यांच्याकडं ते नव्हतं, आणि नाही ते आहे म्हणायची त्यांना सवय नव्हती. फोडांसाठी मात्र त्यांनी शतधौत घृत सांगितलं. गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, पाणी घालून तळहातानं फेसायचं, पाणी ओतून द्यायचं. असं शंभर वेळा. सारजाबाईंनी ते केलं. व्यंकटराव भाजलेला हात उशीवर ठेवून शेजारी बसले आणि मोजत राहिले. सत्तेचाळिसाव्याला सारजाबाई म्हणाल्या, पन्नास झाले. व्यंकटराव म्हणाले, सत्तेचाळीस. सारजाबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि अठ्ठेचाळिसावं पाणी घातलं. शंभर झाले तेव्हा परातीत लोण्याहून मऊ, मोगऱ्यासारखं पांढरंशुभ्र मलम उरलं होतं. पांढऱ्याचं नाव काढायचं नाही अशी शपथ घेतलेल्या हातावर ते लागलं आणि आग अशी थांबली की व्यंकटरावांना पूर्वीच्या वैद्यांबद्दल, त्यांच्या ग्रंथांबद्दल आणि बायकोच्या मनगटाबद्दल एकाच वेळी आदर वाटू लागला.

फोड बसले. काही दिवसांनी ताईंनी परवानगी दिली, तेव्हा पाकिटातला लेप, चिमूटभर, कोवळ्या उन्हात, घड्याळ लावून सुरू झाला. पौर्णिमेच्या चार दिवस आधी मनगटाजवळच्या डागात खसखशीएवढे तपकिरी ठिपके दिसले. पाच होते. व्यंकटरावांनी भिंगातनं पाहून खात्री केली. ताईंनी सांगितलं, सुरुवात चांगली आहे, पण ही सुरुवात आहे. म्हणजे नकाशा होता तसाच होता. त्यात फक्त पाच गावं वसली होती.

पौर्णिमेच्या सकाळी भंडारा समितीचे अध्यक्ष अमरसिंह घरी आले. चहा घेतला, उन्हाची चौकशी केली, उसाची केली. मग म्हणाले, काटेसाहेब, यंदा तुम्ही माइकवर बसा. आवाज तुमचा भारदस्त. तुपाचं काय, ते मीच बघतो. बोलताना ते सगळा वेळ कपबशीकडं बघत होते. व्यंकटराव बरं म्हणाले. अमरसिंह गेल्यावर त्यांनी पांढरा सदरा काढून ठेवला होता तो परत पेटीत घातला आणि दुसरा, राखाडी घातला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पौर्णिमेला त्यांना तुपाचं भांडं उचलायचं नव्हतं.

पहिली पंगत तीनशे पानांची बसली. मारुतीसमोर समोरासमोर दोन रांगा. सारजाबाई खालच्या टोकाला होत्या. त्यांनी मुद्दाम निरोप पाठवून हर्षालीताईंना बोलावलं होतं, त्या शेजारीच. कल्याणप्पाही तिकडंच बसले होते. व्यंकटराव माइकवरनं भात आला, वरण आलं, पाणी घ्या, असं सांगत होते, आणि डोळे मात्र तुपामागं फिरत होते.

अमरसिंहांचा हात राजकारणातला. वरच्या टोकाला त्यांची माणसं बसलेली. पहिल्या पानावर पळीभर, दुसऱ्यावर पळीभर, तिसऱ्यावर "घ्या हो पाहुणे" म्हणून दोन पळ्या. तूप भातावरनं वरणात आणि वरणातनं पत्रावळीखाली वाहू लागलं. माइकवर व्यंकटरावांचा श्वास ऐकू येऊ लागला. अर्धी पंगत होईपर्यंत तुपाचा डबा संपला. भांड्यात तळाला बोटभर उरलं आणि दीडशे पानं कोरडी.

आता आमच्याकडचा नियम असा, की शेवटच्या पानावर तूप पडल्याशिवाय श्लोक होत नाही, आणि श्लोक झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. एक पान कोरडं राहिलं तरी तीनशे माणसं हात आवरून बसतात. वरच्या टोकाची माणसं तुपात बुडालेल्या भाताकडं बघत बसली. चैत्रातली दुपार, पोटात भूक, समोर अन्न, आणि सगळं अडलेलं.

अमरसिंह घाम पुसत सारजाबाईंसमोर आले. म्हणाले, वहिनी, थेंब थेंब चालंल का? भागवून घ्या.

सारजाबाई आवाज न चढवता बोलल्या. पण पंगत एवढी गप्प होती की वरच्या टोकाच्या पहिल्या पानापर्यंत ऐकू गेलं.

"तुमच्या हातानं न्हाय भागायचं, आमदार व्हायला निघालेल्या हातानं. माप लागतंय. एवढ्यात दीडशे पानं भागवणारा एकच हात हाय गावात, तो तुमी तिकडं माइकला बांधून ठेवलाय."

कुणी हसलं नाही. भुकेपुढं माणूस फार न्यायी होतो. वरच्या टोकाचे एक पाहुणे, ज्यांचा भात गार होत होता, मोठ्यानं म्हणाले, अहो मग बोलवा की त्यांना. मग दुसरं कुणीतरी म्हणालं. मग सगळी रांग म्हणू लागली. माइक चालूच होता. त्यात व्यंकटरावांची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज गावभर गेला.

त्यांनी भांडं हातात घेतलं. एकदा आत पाहिलं, एकदा रांगेकडं पाहिलं. पळी बाजूला ठेवून लहान चमचा मागवला. मग चालायला लागले.

मी पुष्कळ पंगती पाहिल्यात. सोन्याचे हात म्हणतात तसले तबलजीही ऐकलेत. पण त्या दुपारी व्यंकटराव जे करत होते, तसं मी पुन्हा पाहिलेलं नाही. मनगटाची छोटीशी घडी, चमच्याच्या टोकाचा एक थेंब, लगेच दुसरा, आणि पुढं. प्रत्येक भातावर दोन थेंब. ना तीन, ना दीड. बघणाऱ्याला वाटावं, आता संपलं. आणि पुढच्या पानावर दोन थेंब. तो हात, नकाशा आणि पाच गावांसकट, तीनशे माणसांच्या डोळ्यांसमोरनं पानापानावरनं गेला. हर्षालीताईंच्या पानावर दोन थेंब पडले. सारजाबाईंच्या पानावर दोन. नवरा म्हणून अर्धाही जास्त नाही, आणि सारजाबाईंनी तो अपेक्षिलाही नव्हता.

मग कल्याणप्पांचं पान आलं.

व्यंकटराव थांबले. तूप वाढणारा कधी विचारत नसतो, पण त्यांनी विचारलं. "वाढू?"

कल्याणप्पांचा हात मांडीवर होता. त्यांनी व्यंकटरावांच्या हाताकडं पाहिलं, बराच वेळ, माणूस इतका वेळ फक्त ओळखीच्या वस्तूकडं बघतो. मग स्वतःच्या कोरड्या भाताकडं पाहिलं.

"वाढा की," ते म्हणाले.

दोन थेंब पडले. कल्याणप्पांनी भात किंचित पुढं ढकलला. त्यांचे कान लाल झाले होते.

"काटेसाहेब, अजून एक चमचा वाढा. तुमच्या हातचं हाय."

"दोन थेंब," व्यंकटराव म्हणाले. "पुढं माणसं बसलीत."

आणि ते पुढच्या पानाकडं गेले.